फुगलेला डबा

माझे काका पहिल्या महायुद्धावरून परत आले तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. ते वडिलांचे धाकटे भाऊ. इराकात त्यांची पलटण एका गावात वेढ्यात अडकली होती. तिथं माणसांनी आधी घोडे खाल्ले आणि मग नदीकाठचं गवत उकडून खाल्लं, एवढं मला आईकडून कळलं होतं. काका स्वतः त्याबद्दल बोलत नसत. त्यांनी लग्न केलं नाही. सोलापुरात आमच्याच दोन खोल्यांच्या घरात राहत आणि डबे भरत.

बिस्किटांचे, तुपाचे, कसलेही पत्र्याचे रिकामे डबे ते बाजारातून आणायचे. घेवडा, गवार, वांगी शिजवून त्यात भरायची, झाकणाला कथलाचा डाग देऊन तोंड बंद करायचं, वर बारीक भोक ठेवून डबा उकळत्या पाण्यात उभा करायचा आणि वाफ निघाली की भोकावर कथलाचा थेंब टाकायचा. हे ते फौजेत कुणाकडून तरी शिकले होते. माळा डब्यांनी भरून गेला होता. आईची साठवण निराळी होती. कणगीत ज्वारी, मडक्यांत डाळी, बरणीत लोणचं, आणि उन्हाळ्यात वाळवलेले सांडगे. डब्यांना ती कधी हात लावत नसे. शेजारच्या विणकराच्या बायकोनं एकदा विचारलं, एवढी भाजी कशाला भरून ठेवता? आई म्हणाली, "ती भाजी न्हाय. भावजींचं भ्या हाय ते, डब्यात घालून ठेवलंय."

मग तो उन्हाळा आला, ज्यात शहरात आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाठोपाठ गोऱ्यांचं लष्कर आलं. वडील नेमके करमाळ्याला आत्याकडे गेले होते, ते तिकडेच अडकले. मिलचे भोंगे बंद पडले. आमच्या गल्लीतली निम्मी घरं बैलगाड्यांत भांडी टाकून गावाकडे गेली. आई गेली नाही. वडील परत आले आणि घराला कुलूप दिसलं तर ते आम्हाला कुठं शोधतील, असं तिचं म्हणणं. दुकानं बंद होती. गोरे शिपाई बंदुका घेऊन रस्त्यानं फिरत, त्यांच्या बुटांचा आवाज आला की माझा लहान भाऊ आईच्या पदरात तोंड खुपसायचा. मीही खुपसलं असतं, पण मी दहा वर्षांची होते आणि मोठी म्हणवत होते.

काकांनी घराचा ताबा घेतला. रांजण भरून घेतला, दाराला आतून वाटणाचा पाटा टेकवला, आणि आईला सांगितलं की ज्वारी जपूनच काढायची.

"वेढ्यात पयल्यांदा आमी पोटभर खाल्लं, वहिनी," ते म्हणाले. "तितंच चुकलो. हे किती दिस चालंल कुणाला ठावं? आदी डबे संपवायचे."

वेढ्याबद्दल ते इतकं बोललेले मी प्रथमच ऐकत होते. आई रोज वाटीनं मोजून ज्वारी काढू लागली. अर्धी अर्धी भाकरी आणि डब्यातली भाजी, असं आमचं जेवण सुरू झालं. पहिले डबे चांगले निघाले. काकांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं समाधान होतं, आणि मला त्या समाधानाचीच भीती वाटायला लागली. बाहेर सगळे घाबरलेले असताना हा माणूस जणू या दिवसाचीच वाट बघत होता.

एका दुपारी त्यांनी घेवड्याचा डबा खाली काढला. त्याचं झाकण आणि बूड दोन्ही फुगून वर आली होती. खिळा ठोकल्याबरोबर फुस्स आवाज झाला आणि भोकातून फेस आला. आईनं वास घेतला आणि डबा बाजूला सरकवला. टाकून द्या, म्हणाली.

काका तिच्याकडे असे बघत राहिले, जणू तिनं घरातलं पोर टाकून द्या म्हटलं होतं. अन्न टाकायचं नसतं, लढाईत यापेक्षा वाईट खाल्लंय, असं ते पुटपुटत राहिले. शेवटी म्हणाले, "मी खातो. उद्यापत्तुर मला काई झालं न्हाय, तर पोरांना द्या."

आईनं हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. मांडी घालून बसले आणि गार भाजी भाकरीबरोबर खाल्ली. आईनं मला बाजूला बोलावलं. "काकांजवळ बस," ती हळूच म्हणाली. "त्यांच्या तोंडाकडं बघत ऱ्हा. काई येगळं दिसलं तर मला सांग."

मी बसले. ते सुपारी कातरत होते, मी बघत होते. ते खोकले की मी आईकडे बघायची. त्यांनी डोळे मिटले की मी जवळ सरकून श्वास चालू आहे ना ते पाहायची. संध्याकाळ गेली, काही झालं नाही. सकाळी ते उठले, हसले, आणि उरलेला डबा पोरांना वाढा म्हणाले. आईनं ऐकलं न ऐकलंसं केलं. त्या एका गोष्टीमुळे मी आज हे सांगायला आहे.

दुपारी ते दाराकडे बघत म्हणाले, "ह्या दाराला दुसरी कडी कवा लावली?"

दाराला एकच कडी होती. मी आईला हाक मारली.

त्यानंतर त्यांच्या पापण्या खाली आल्या. उघडायचा प्रयत्न करत होते, पण उघडत नव्हत्या. पाणी पाजलं तर नाकातून बाहेर आलं. ताप नव्हता, शुद्ध होती, आईनं विचारलं की मान हलवत होते. फक्त आवाज घोगरा होत होत कुजबुजीवर आला. जागा माणूस आतून बंद होत चालला होता.

आईनं मागच्या दारानं विणकराच्या बायकोला बोलावलं. ती आली, भावाला मांडीवर घेतलं आणि काकांजवळ बसली. "जा अक्का, मी हाय," एवढंच म्हणाली. आईनं ट्रंकेतून काकांचं लढाईतलं पदक काढलं आणि मला घेऊन डॉक्टरांना आणायला बाहेर पडली. ओस पडलेल्या रस्त्यानं आम्ही भिंतीच्या कडेनं चालत होतो. चौकात दोन शिपायांनी अडवलं. एकानं बंदूक आडवी धरली. आईला त्यांची भाषा येत नव्हती. तिनं मूठ उघडून पदक पुढं केलं. दुसऱ्या हातानं तिनं मला जवळ ओढलं. शिपायानं ते उलटंसुलटं करून पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत दिलं. बंदूक खाली झाली.

चौकापलीकडचे डॉक्टर म्हातारे होते, पण लगेच निघाले. काकांच्या पापण्या त्यांनी बोटानं वर करून बघितल्या, डब्याचा वास घेतला. हे डब्यातलं विष आहे आणि माझ्याकडे यावर औषध नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. झोपवून पाणी पाजायचं नाही, उठवून बसवायचं, चमच्यानं थेंब थेंब द्यायचं आणि गिळल्याशिवाय पुढचा थेंब नाही.

रस्ते मोकळे होऊन वडील परत आले तेव्हाही काका भिंतीला टेकूनच होते. आई ज्वारीच्या आंबिलीची निवळ त्यांना चमच्यानं पाजत असे. एकेका घोटाला आम्ही सगळे त्यांच्या गळ्याकडे बघत असू. पापण्या उघडायला किती आठवडे लागले, आता आठवत नाही. आवाज आला, तो पूर्वीचा कधीच झाला नाही.

ते बरे होत असतानाच आईनं आणि वडिलांनी परसात खड्डा खणला आणि माळ्यावरचे सगळे डबे फोडून त्यात ओतले. काही चांगले असतील, पण कुठले ते कुणी ठरवायचं? काकांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. त्यांचे खांदे हलत होते.

पुन्हा त्यांनी डबा भरला नाही. पण त्यांचं अंथरूण झाडताना आईला उशीखाली वाळलेली भाकरी सापडली, फडक्यात बांधलेली. तिनं ती होती तिथंच ठेवली. दर थोड्या दिवसांनी ती जुनी भाकरी काढून त्याच फडक्यात ताजी बांधून ठेवी. काकांना ते कळत होतं.