शिशाची तार आणि रेघाभाऊजी

रेघाभाऊजी पाहुणे आले की पपई कोणी चिरायची नाही, असा आमच्या दुसरबीडच्या घरचा रिवाजच पडला होता. आधी ते काडी खुपसून साल कुठं संपते, गर कुठवर आहे ते बघणार, मग कागदावर त्याच्या वाकड्या रेघा काढणार. आम्ही विळी घेऊन ताटकळत बसलेल्या. सासूबाई त्यांना म्हणायच्या, "काप आता बाळ्या, पोट्टे वाट पाहून राह्यले."

भाऊजी म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण बाळंतपणात गेली, तेव्हा सासूबाईंनी आपल्या लेकाबरोबर त्यालाही अंगावर पाजलं. पुढं भाऊजी शिकले, मुंबईला कॅन्सरच्या दवाखान्यात लागले. डॉक्टर नव्हेत हो. किरण अंगात कुठवर जातील, त्याचं गणित मांडणारे. "किरण सोडणं सोपं हाये वहिनी," म्हणायचे, "ते थांबले कुठं पाह्यजेत, तेच खरं काम."

मग सासूबाईंनाच तो रोग निघाला. मुंबईला भाऊजींच्याच दवाखान्यात एक स्तन काढून टाकला, आणि त्या जागेवर नव्या यंत्राचे, इलेक्ट्रॉनचे किरण द्यायचे ठरले. ते थोडंसंच आत शिरतात अन् थांबतात, म्हणून भाऊजींना त्यांचं भारी कौतुक. पण खोलीचा अंदाज चुकला की खालचं फुप्फुस भाजलंच.

मोजायची रीत अशी, की मऊ शिशाची तार उघड्या छातीवर दाबून बसवायची, तो आकार कागदावर उतरवायचा आणि किरण किती खोल जातील त्याच्या रेघा त्यात भरायच्या. परका पुरुष मावशीला नको, म्हणून भाऊजी स्वतः आले, आणि त्यांनी तार बसवली ती पदराच्या घडीवरून. सगळा वेळ भिंतीकडे पाहत.

दुसऱ्या दिवशी कागद चुरगाळून परत आले. "मावशी, माझं चुकलं. एवढ्या वाळल्या अंगाची छाती इतकी जाड कशी, म्हणून पाह्यलं, तर कापडच मोजलं होतं मी. असं दिलं तर किरण फुप्फुसात जातात. तार पुन्हा लावा लागते. अंगाले." कान लाल झालेले, नजर फरशीवर.

सासूबाईंनी आपल्या हातानं पदर सारला. "दूध पेतानी लाजला नाई, आता काऊन मान फिरवतं बे? तवा दोन होते, आता एक हाये, एवढाच फरक. पाह्य नीट."

भाऊजींचे डोळे वाहत होते. तार मात्र जागची हलली नाही.

सासूबाईंची कातडी काळवंडली, सालपटं निघाली, पण फुप्फुस वाचलं, दम म्हणून कधी लागला नाही. घरी आल्या आणि पुन्हा मळ्यात जाऊ लागल्या. भाऊजीच आधी गेले, झोपेत, नोकरीत असतानाच. निरोप आला तेव्हा आम्ही दोघी मिरच्या तोडत होतो. सासूबाईंनी "बाळ्या" म्हणून जी हाक मारली, ती सडकेवरच्या दुकानांपर्यंत गेली. माणसं धावत आली. मी सासूबाईंना पाठीमागून धरलं, तर माझ्या हातांखाली त्यांचा श्वास भरभरून येत होता.