एका दाढेच्या मागे अख्खी बिल्डिंग

एवढ्याशा पोरीच्या एवढ्याशा दाढेवरून किती किस्से साठावेत? माझ्याकडे इतके साठलेत की सण जवळ आला की आनंद व्हायच्या आधी मला ती दाढ आठवते. बिल्डिंगमधल्या बायका म्हणतात, "तू सांगतेस ना, तेव्हा लई हसू येतं गं!" हसा! तुमच्या पोरीला त्या खुर्चीत दाबून धरायची वेळ आली नाही, म्हणून हसू येतं.

आधी काय झालं ते सांगते. गेल्या दिवाळीनंतर माझ्या ओवीची डावीकडची खालची दाढ किडली. आम्ही जेलरोडला राहतो, तिथेच जवळ दातांचा दवाखाना आहे. दाढ भरताना मी तिचे दोन्ही हात धरले होते आणि ती ओरडत होती, "आई, मी परत नाही खाणार, घरी चल ना!" चार वर्षांचं लेकरू माफी मागतंय! कशाची? तर सगळ्या मोठ्या माणसांनी लाडाने तिच्या तोंडात कोंबलेल्या गोडाची!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत्ता भरलीय. पुन्हा कीड लागली तर काढावी लागेल. आणि तिथली पक्की दाढ यायला ही दहा-अकरा वर्षांची होईल." मग नीट समजावलं. गोड द्यायचं तर जेवणाबरोबर एकदाच द्या. येता-जाता दिवसभर चघळायला देऊ नका. खाल्लं की चूळ भरायला लावा, आणि रात्री ब्रश तिच्यावर सोडू नका, तुम्ही करून द्या. मी सातवी शिकलेली, पण मला हे एका दमात कळलं. यात न कळण्यासारखं आहे काय?

डोळे पुसत बाहेर आलो तर काउंटरवरच्या मुलीने ओवीच्या हातात पेढा ठेवला.

"अहो, आत्ताच दाढ भरलीय तिची!"

"असू द्या हो ताई, मॅडमचा वाढदिवस आहे आज!"

*

मग आली संक्रांत. माझ्या नणंदेने हौसेने ओवीचं बोरन्हाण ठरवलं. काळं झबलं आणलं, आणि हलव्याचे दागिने. मुकुट, हार, बाजूबंद, बांगड्या, सगळं साखरेचं! म्हणजे पोरीच्या गळ्यातच मिठाईचं दुकान बांधून दिलं. फोटो काढेपर्यंत ओवीने अर्धी बांगडी चाटून ओलीचिंब केली होती. मी दागिने उतरवायला लागले तर नणंद माझ्यावरच डाफरली, "वहिनी, फोटो तरी होऊ दे! दाढ काय फोटोत दिसतेय का?"

डोक्यावरून बोरं-चुरमुरे टाकायचे, तर आता त्यात टॉफ्या! मी एकेक वेचून पिशवीत बांधल्या, दागिनेही त्यातच घातले आणि पिशवी कपाटात वर टाकली. चार दिवसांनी बघते तर पिशवीत नुसते दोरे आणि रंगीत कागद!

ओवीचे बाबा एकलहऱ्याला पॉवर स्टेशनात कामाला आहेत. रात्रपाळी करून आले होते. विचारलं, "हे कोणी खाल्लं?"

तर शांतपणे म्हणतात, "मी. घरात ठेवलं असतं तर तिने खाल्लं असतं. तिचे दात वाचवतोय!"

पुढच्या आठवड्यात गालाला हात लावून बसले. मी म्हटलं, चला, आता तुम्हाला धरते खुर्चीत!

*

गौरी-गणपतीला सासूबाई आल्या. त्या सटाण्याच्या, बोलणं सगळं अहिराणी. येताना डबाभर गूळ-शेंगदाण्याचे लाडू. मी दाढेचं सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दुधना दात शेतस, पडतीनच ना व माय!"

मी म्हटलं, "आई, दुधाचे असले तरी दुखतात तेवढेच. आणि ही दाढ गेली तर पाच-सहा वर्षं पोरगी एका बाजूने चावणार."

"काय होत नही! आम्ही जलमभर गूळ खादा, काय व्हयनं आमले?"

असं म्हणून त्यांनी तोंडातली कवळी काढली, पाण्याच्या वाटीत ठेवली आणि लाडू पाट्यावर बारीक करायला घेतला. मी वाटीकडे बघत राहिले.

*

त्याच दिवसांतलं, बिल्डिंगच्या गणपतीचं. आरतीनंतरचा प्रसाद रोज एका घराचा. पेढे, बुंदी, शिरा, परत पेढे. पोरं दोन्ही वेळच्या आरतीला हजर. टाळ्या वाजवतात आरतीला, डोळे ताटाकडे. आमची पाळी आली तेव्हा मी विचार करून फुटाणे, ओल्या खोबऱ्याचे तुकडे, काकडी आणि डाळिंबाचे दाणे केले. सकाळपासून डाळिंबं सोलून बोटं लाल झाली होती. ताट सजवलं, गणपतीपुढे ठेवलं. मला स्वतःला एवढं बरं वाटलं!

पोरांनी द्रोणात डोकावून बघितलं आणि एक टवळी मला विचारते, "काकू, हा उपास आहे का?"

तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षांनी माइक हातात घेतला. म्हटलं, निदान हे तरी चार शब्द चांगले बोलतील. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बालगोपाळांनी नाराज होऊ नये! मंडळातर्फे पेढे मागवले आहेत!"

टाळ्या कडाडल्या. त्यात माझी ओवी पण!

*

शेवटी मी लाज सोडली आणि बिल्डिंगच्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. दोनदा खोडून लिहिलं, कुणाला लागू नये म्हणून. "सर्वांना विनंती आहे की ओवीला मला विचारल्याशिवाय गोड देऊ नये. तिच्या दाढेचा त्रास आहे. राग नसावा."

दुपारभर कोणी काही बोललं नाही. सगळ्यांनी वाचलेलं मात्र दिसत होतं. म्हटलं, लागलं वाटतं मनाला. संध्याकाळी बेल वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, चेहरा एकदम काळजीचा.

"अगं, मेसेज वाचला. एवढं झालं आणि बोलली नाहीस? कुठाय आमची ओवी?"

माझे डोळे भरून आले. म्हटलं, आहे बाई, एक तरी माणूस आहे ज्याला समजलं! त्यांनी पदराआडून काजूकतलीचा बॉक्स काढला आणि ओवीच्या मांडीवर ठेवला.

"वहिनी! हे काय?"

"आता पेशंटला बघायला रिकाम्या हाताने यायचं का?"

*

आणि हा आत्ताचा, नवरात्रातला. तळमजल्यावर निर्मलाकाकू राहतात. मायाळू बाई, माझ्या बाळंतपणात रोज खाली-वर करायच्या, म्हणून त्यांना तोडून बोलवत नाही. दर वर्षी अष्टमीला त्या बिल्डिंगमधल्या लहान मुलींना बोलावून कुमारिका पूजन करतात. आदल्याच आठवड्यात ओवीची दाढ दाखवून आणली होती. भरलेल्या जागेच्या कडेला जरा काळं दिसतंय, सांभाळा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नव्हतं.

मी काकूंना जिन्यात गाठलं. "काकू, तुमच्या पाया पडते. ताटात वाढाल तेवढं खाईल ती. वरून पेढे नका भरवू."

काकूंनी माझा हात बाजूला केला. "हे बघ, आज ती तुझी मुलगी नाही. आज ती देवी आहे. देवीपुढे आपण हात जोडायचे. तोंड चालवायचं नाही!"

संपला विषय! मी दारापाशी जाऊन उभी राहिले. पोरी ओळीने पाटावर बसल्या होत्या, डोक्यावर लाल चुनरी, कपाळाला मळवट. काकूंनी एकेकीचे पाय धुतले, पुसले, डोकं टेकवलं. ताटात पुरी, भाजी, खीर, शिरा. ओवीने निमूट सगळं खाल्लं. मग काकू पेढ्याचा बॉक्स घेऊन निघाल्या. प्रत्येकीच्या तोंडात एक, परत फिरून दुसरा. ओवीने पहिला घेतला. दुसऱ्याला ओठ गच्च आवळले.

"रुसू नको गं देवी," काकू हात जोडून म्हणाल्या. "तोंड उघड. माझ्या हातचं घे."

ओवीने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. तिने काकूंच्या हातातून पेढा काढून घेतला आणि काकूंच्याच तोंडासमोर धरला.

"तू खा."

जमलेल्या बायका एकदम कालवा करायला लागल्या. "अगं बाई! देवी स्वतःच्या हाताने प्रसाद देतेय! काकू, घ्या घ्या! नाही म्हणू नका!"

काकू दोन पावलं मागे सरल्या. पदर तोंडाला लावला.

"नको गं राणी. मला शुगर आहे."

ओवीने हात तसाच पुढे धरून ठेवला.

"मला दाढ आहे."