मुलींचं रजिस्टर

“नाव नाही, म्हणजे शिकलीच नाही,” शहारे बाबू म्हणाले आणि त्यांनी रजिस्टर मिटलं.

समोर नववीतली रोशनी बहेकार उभी होती, शेजारी मी. रोशनी निघायला वळली. मला ते जमत नाही.

“बाबू, तुम्ही दोन मिनिटंसुद्धा पाहिलं नाही.”

“मॅडम, सब देख लिया. उस जमाने की एक भी लडकी नहीं है इसमें. म्हातारी माणसं काहीबाही सांगतात. तुम्ही कशाला टेन्शन घेता?”

शहारे बाबू आमच्या शाळेचे क्लार्क. शाळा आमगाव तालुक्यात. आधी प्राथमिक होती, पुढे हायस्कूल झालं. मी याच शाळेत शिकले आणि आता बरीच वर्षं इथेच इतिहास शिकवते. बाबूंनी मिटलं ते दाखल-खारीज रजिस्टर. शाळेत कोण कधी आलं, जन्मतारीख काय, नाव कधी कमी झालं, सगळं त्यात असतं. शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे टीसी, त्यावरूनच निघतो.

रोशनीला टीसी हवी होती ती आजीची. आईची आई, फुलवंताबाई. माहेर आणि सासर दोन्ही याच गावात. वय सत्तरीच्या पुढे. पण गावात आधारचा कॅम्प लागला तेव्हा ऑपरेटरने जन्मसाल विचारलं, बाईंना सांगता आलं नाही, आणि त्याने तोंडाकडे बघून एक साल टाकून दिलं. कागदावर बाई अजून साठीच्याही नाहीत. त्यामुळे म्हातारपणाची पेन्शन नाही. गुडघे गेलेत, तरी दरवर्षी लोकांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणीला, रोपं लावायला वाकतात. पेन्शनच्या ऑफिसातून प्रत्येक वेळी एकच उत्तर यायचं: वयाचा पुरावा आणा, शाळेचा दाखला असेल तर आणा. आणि शाळा म्हणत होती, तुम्ही इथे आलाच नाहीत.

मी यात कशी पडले ते सांगते. नववीला इतिहासाचा प्रकल्प असतो. हे प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात. वर नाव चिकटवायचं की झालं. आदल्या वर्षी अर्ध्या वर्गाच्या प्रकल्पावर दुसऱ्याच तालुक्यातल्या शाळेचं नाव छापलेलं होतं, आणि ते खोडायचे कष्टही कोणी घेतले नव्हते. मी सगळे गठ्ठे परत केले. पालक भांडायला आले. त्यांच्याशीही भांडले.

म्हणून त्या वर्षी विषयच असा दिला की दुकानात मिळणार नाही: तुमच्या घरातून शाळेत गेलेलं पहिलं माणूस कोण? पुरावा आणा.

पुरावा म्हणजे काय, हे आमच्या मुलांना धानावरून समजतं. प्राथमिक साधन म्हणजे शेतातून आलेलं धान. त्या काळात, त्या जागी, ज्याने पाहिलं-केलं त्याचं लिहिलेलं, सांगितलेलं, वापरलेलं. दुय्यम साधन म्हणजे गिरणीतून आलेला तांदूळ. तोही लागतोच, पण तो कोणीतरी भरडलेला असतो, त्यातून काहीतरी गेलेलं असतं. म्हणून कोणताही कागद हातात आला की तीन प्रश्न विचारायचे. कोणी लिहिला? कधी लिहिला? कोणासाठी लिहिला?

रोशनीने वहीत पहिलं नाव आजीचं लिहिलं. आजी चौथीपर्यंत शिकली, असं आजीच सांगते. मग आम्ही बाबूंकडे गेलो, आणि बाबूंनी रजिस्टर मिटलं.

मी ते त्यांच्या हातातून घेतलं. अक्षरशः घेतलं. “वर्गात नेते. तास संपला की आणून देईन.”

“मॅडम, ऑफिसचं रेकॉर्ड आहे.”

“शाळेचंच आहे. शाळेतच नेते.”

वर्गात सांगितलं, आजी खरं बोलते असं धरू नका, बाबू खरं बोलतात असंही धरू नका. हात धुवा आणि बघा.

मुलं बाकाभोवती जमली. पहिलं कोणीतरी म्हणालं, रजिस्टर लईच नवं दिसते. सुरुवातीच्या कित्येक वर्षांच्या नोंदी एकाच शाईत होत्या. एकाच अक्षरात. शाळेला इतकी वर्षं एकच गुरुजी होते का? नव्हते. मग मागच्या बाकावरच्या एका मुलाने पानाचा खालचा कोपरा दाखवला. छापखान्याचं नाव होतं, आणि पुढे फोन नंबर.

“मॅडम, या सालात आपल्या इकडे कोनाच्या छापखान्यात फोन होता?”

मला त्या मुलाची पाठ थोपटावीशी वाटली. पहिली नोंद ज्या सालची, त्या साली हे पान छापलेलंच नव्हतं. हे मूळ रजिस्टर नव्हतं. नंतर कोणीतरी बसून उतरवलेली नक्कल होती. म्हणजे दुय्यम साधन. आणि त्याच्या जोरावर बाबू एका जिवंत बाईला सांगत होते की तू शाळेत आली नाहीस.

तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच ऑफिसात गेले, मुलं मागे.

“मूळ रजिस्टर कुठे आहे?”

“मॅडम, माझ्या आधीची गोष्ट आहे. वाळवी लागली होती म्हणे. मग कॉपी करून घेतली आणि जुनं रद्दीत दिलं.”

“आणि मुली?”

“मुलींचं रजिस्टर वेगळं होतं तेव्हा. ते उतरवलं नाही. जुने बाबू सांगत, मुलींचे दाखले कोण मागायला येतं? लग्न होऊन जातात.”

हे त्यांनी इतकं सहज सांगितलं की मी ओरडले. काय ओरडले ते सगळं लिहीत नाही. ज्याने हे केलं त्याला पेन धरायचा अधिकार नव्हता, असं म्हणाले हे आठवतं. एका फटक्यात गावातल्या सगळ्या शिकलेल्या बाया अडाणी करून टाकल्या, असंही म्हणाले. शेजारच्या वर्गातले सर बाहेर येऊन उभे राहिले.

वर्गात परत आलो. रोशनीने रजिस्टर उघडलं, शेजारी स्वतःची वही उघडून ठेवली. वहीत लाल पेनातले माझे शेरे होते. ती बराच वेळ दोन्हीकडे बघत होती.

“मॅडम, रागावू नका,” ती म्हणाली. “हे अक्षर तुमचंच दिसून राहिलं.”



मी वाकून पाहिलं. माझंच होतं. लहानपणचं, जास्त गोल, जास्त मन लावून काढलेलं. बाबूंच्या कपाटातलं हे रजिस्टर मी नोकरीत कधी उघडलं नव्हतं, हे खरं. पण त्या दिवशी तासभर ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला ओळख पटली नाही, कारण मी दुसऱ्या कोणाला तरी पकडायला निघाले होते.

मी नववीत होते. माझं अक्षर शाळेत सगळ्यात चांगलं म्हणून मोठ्या गुरुजींनी, म्हणजे तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी, मला ऑफिसच्या ओसरीवर बसवलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत रोज जाऊन उतरवायचे. दोन रजिस्टरं होती. गुरुजी म्हणाले, मुलांचं घे, मुलींचं राहू दे. मी मुलांचं घेतलं. संपल्यावर प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर शाईचं पेन मिळालं. हा प्रसंग मी विसरले नव्हते. उलट कितीतरी जणांना सांगितला होता. फक्त मी सांगायचे तेव्हा त्यात पेन असायचं, मुलींचं रजिस्टर नसायचं.

मुलांना हे सगळं तिथेच सांगितलं. लपवून काय उपयोग, अक्षर समोर होतं. एका मुलीने सरळ विचारलं, “मंग आता रोशनीच्या आजीचं का करायचं?”

हा प्रश्न बरोबर होता. माझ्या पश्चात्तापाने पेन्शन लागत नाही.

शाळेत शेरेबुक नावाची एक वही असते. तपासणीला आलेले साहेब जाताना त्यात दोन ओळी लिहून सही करतात. ती कोणी उतरवत नाही आणि कोणाला लागतही नाही, म्हणून टिकून राहते. आमची जुनी शेरेबुकं प्रयोगशाळेच्या कपाटावर होती. मुलांनी दोन दिवस धूळ खाल्ली. तिसऱ्या दिवशी रोशनी पळत आली आणि दारातूनच वाचायला लागली. “इयत्ता चौथीतील कु. फुलवंता सोमा हिने नकाशावर नद्या बिनचूक दाखविल्या. मुलींची उपस्थिती समाधानकारक आहे.” खाली सही आणि तारीख. सोमा हे फुलवंताबाईंच्या वडलांचं नाव. त्या तारखेला चौथीत, म्हणजे कमीत कमी आठ-नऊ वर्षांची. पुढची बेरीज मुलांनी बोटांवर केली. पेन्शनला लागणारी पासष्टी कधीच ओलांडली होती.

वही घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. सर वाईट माणूस नाहीत. निवृत्तीला आठ महिने उरलेला माणूस आहेत.

“शेरेबुकात नाव आहे, मान्य,” सर म्हणाले. “पण दाखल-खारीजला नाही. मी दाखला दिला तर वरून विचारतील, रजिस्टरला नाव का नाही?”

“का नाही ते आपल्याला माहीत आहे.”

“मॅडम, मूळ रजिस्टर रद्दीत गेलं हे लेखी दिलं की चौकशी लागते. झाकली मूठ राहू द्या. त्या बाईंना आपण दुसरी काही मदत करू.”

“त्या मदत मागत नाहीत, सर. दाखला मागतात. नाव का नाही ते मी लिहून देते. मी उतरवलं, मुली मी गाळल्या, सही माझी.”

“नोकरीवर येईल.”

“येऊ द्या.”

लिहायच्या आधी फुलवंताबाईंकडे गेले. त्यांनी ऐकण्याआधी साहेबांनी ऐकावं, हे बरं दिसलं नसतं. बाई अंगणात धान पाखडत बसल्या होत्या. सगळं सांगितलं. अक्षर, ओसरी, पेन, गुरुजींचा हुकूम. त्यांनी सूप खाली ठेवलं.

“तुले कोनं सांगतलं का पोरीचं राहू दे?”

“मोठ्या गुरुजींनी.”

“मंग तुनं काऊन नाई इचारलं?” त्या चिडल्या नव्हत्या, खरंच विचारत होत्या. “तू बी त पोरगीच होतीस.”

गुरुजी मोठे होते, मी लहान होते, हे उत्तर नाही, कारण मला तेव्हा प्रश्नच पडला नव्हता. सुट्टी वाचली म्हणून बरं वाटलं होतं.

बाईंनी पुन्हा सूप उचललं. “आमी आठजनी होतो,” त्या म्हणाल्या, आणि कोण कोणाशेजारी बसायची ते रोशनीला सांगायला लागल्या. रोशनीने सगळी नावं उतरून घेतली. त्यातल्या दोघीच आता आहेत.

त्या दिवशी घरी येऊन जबाब लिहिला. सरळ लिहिता आला नाही. कुठे स्वतःची बाजू सावरली गेली, ती खोडली. कुठे सगळा दोष गुरुजींवर गेला, तोही खोडला. दुसऱ्या दिवशी कागद सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला.

“ठीक आहे, पाठवू,” ते म्हणाले. “फक्त खाडाखोड फार आहे. जरा फेअर करून द्या.”

“नाही सर. फेअर करून देणार नाही.”

तो कागद शेरेबुकाच्या झेरॉक्ससह तसाच गेला. मला कारणे दाखवा नोटीस आठ दिवसांत आली. फुलवंताबाईंच्या दाखल्याची परवानगी यायला चार महिने लागले. सरकार कशात चपळ असतं ते त्यावरून समजावं. दाखल्यावर जन्मतारीख नाही, ती आता कोणीच देऊ शकत नाही. अमुक तारखेला इयत्ता चौथीत शिकत होत्या, एवढंच आहे. त्यावरून दवाखान्यातून वयाचं प्रमाणपत्र निघालं, मग आधार दुरुस्त झालं, आणि पेन्शन लागली. मधल्या काळात एक रोवणी येऊन गेली. तिलाही बाई गेल्या होत्या. माझी वेतनवाढ एक वर्ष थांबली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार याची आहे की बाकीच्या मुलींची नावं रोशनीच्या प्रकल्पाच्या वहीशिवाय कुठेच नाहीत, आणि शाळा ती वही रेकॉर्ड म्हणून ठेवायला तयार नाही. मी ती ठेवली आहे, सही-शिक्क्याशिवाय, बाबूंच्या कपाटात, त्या रजिस्टरला लागूनच. बाबूंनी अजून काढलेली नाही.

प्रकल्पाच्या गुणतक्त्यात ‘अक्षर व टापटीप’ असा एक छापील रकाना असतो, पाच गुणांचा. दरवर्षी मी तो पेनाने खोडते आणि वर लिहिते, ‘कोण सुटलं?’ तपासणीला आलेल्या साहेबांनी यंदा त्यावर शेरा मारला, तक्त्यात खाडाखोड करू नये.