दारातली किल्ली

करमनीच्या दाराची किल्ली आमच्या गोझो बेटावर कुणाला ठाऊक नाही? लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हापासून किल्ली दाराला बाहेरूनच लावलेली. शेजारणींनी ती फिरवावी, आत यावं, ताजं चीज ठेवावं आणि जाता जाता कुणाची तरी चहाडी करून जावं. दार वाजवायचं ते परक्यांनी.

उन्हाळ्यात पर्यटकांची रीघ लागायची. त्यातला एखादा भला माणूस किल्ली उपसून दार ठोठावायचा, "आजी, विसरलात." करमनी ज्या उशीवर लेस विणायची ती बाजूला ठेवून उठायची आणि किल्ली परत जागेवर लावायची. "मेल्यांना देवानं डोळे दिले, अक्कल द्यायची राहिली," असं पुटपुटायची.

तिचा एकुलता एक चेन्सू ऑस्ट्रेलियाला गेला तो तिकडचाच झाला. फोनवर त्याचं एकच पालुपद, "मा, ती किल्ली काढ. जग बदललंय."

"तू ये आणि काढ," ती म्हणायची.

यंदा तो खरंच निघाला. पण उतरणार म्हणे हॉटेलात, आईला उगाच त्रास नको! करमनीनं त्याच्यासाठी ससा शिजवला आणि मीठ घालायला विसरली. "पोटचं पोर पाहुणा होऊन येतंय गं," शेजारच्या जित्ताला ती म्हणाली. जित्तानं चव घेतली, तोंड वाकडं केलं आणि गुपचूप मीठ घातलं.

दुपारी किल्ली उपसल्याचा आवाज आला, मग दार वाजलं. आला कुणी शहाणा, म्हणत करमनीनं दार उघडलं. उंबऱ्यात चेन्सू. केस पिकलेले, हातात किल्ली.

"मा, असं कसं गं ठेवतेस? कुणीही आत येईल."

करमनीनं त्याच्या हातातून किल्ली घेतली, बाहेरून दाराला लावली, आत आली आणि त्याच्या तोंडावर दार ओढून घेतलं. उशी मांडीवर घेऊन बसली, पण हात काही चालेनात. हा आता असाच हॉटेलात निघून गेला तर?

शेजारच्या दारातून जित्ता ओरडली, "अरे गाढवा, स्वतःच्या घराचं दार वाजवतोस? बापानं हेच शिकवलं का तुला?"

मग किल्ली फिरली. चेन्सू आत आला, चुलीकडे गेला आणि लहानपणी करायचा तसं भांड्यावरचं झाकण उचलून पाहिलं.

"आलास?" करमनी म्हणाली. "हात धू आधी."