दोन्ही भाव सांगणारे मामंजी

आमचे मामंजी दुकानात आलेल्या माणसाला काय हवंय ते विचारत नसत. तो मिरी विकायला आलाय की घ्यायला, हे कळायच्या आधीच दोन्ही भाव सांगून टाकत. "देतोस तर ह्यो, घेतोस तर ह्यो. आता बस, पाणी पी, मग बोल." मी लग्न होऊन रामनगरला आले तेव्हा स्वयंपाकघरात हे ऐकून मला हसू यायचं.

बाकीचे व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. माल आणणाऱ्याला त्यातलं काही कळत नसे. मामंजी रस्त्यावर ऐकू जाईल असं बोलत. दोन भावांत जे अंतर असे त्यावर आमचं घर चालायचं. कुणी त्यावरून टोकलं तर म्हणायचे, "मी मधी बसलोय, मला वाईच सुटतंय. त्यात लपवायचं काय?"

वरच्या डोंगरातल्या दिग्गी-गुंद गावांची माणसं मिरी उन्हात वाळवून घरात ठेवत. मीठ-तेल सरलं की भर पावसात गाठोडं डोक्यावर घेऊन उतरत. तेव्हा घेणारं कुणी नसे. मामंजी घेत. "आज न्हाई" हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत.

मग समोरच्या दुकानात टेलिफोन आला. हुबळी, बेळगाव, मंगळूर, सगळ्या पेठांचा भाव सकाळीच तारेवरून यायचा आणि तो दुकानदार खडूनं फळीवर लिहायचा. आमच्यापेक्षा जास्त द्यायचा. लोक तिकडं वळले. एकदा त्यानं हाक मारली, "आप्पा, तुमचा भाव चालत येतोय, आमचा तारेवरनं पळत!"

मामंजी हसले. "पळू दे की. लोकांस्नी चार पैसं जास्त मिळत्यात न्हवं?"

त्या दिवशी ते भात तसाच ठेवून ताटावरून उठले.

आषाढात हुबळीचा भाव कोसळला. फोनवरून निरोप आला, खरेदी बंद. समोरची फळी पुसली गेली. दिग्गीची माणसं भिजत उभी होती, ती एकेक करत आमच्या पडवीत आली. मामंजींनी दोन्ही भाव सांगितले, कालचेच.

आमच्या ह्यांनी मामंजींना आत बोलावलं. "आप्पा, आज नगं म्हणा. फुडं घेणारं कोण बी न्हाई. सगळं आपल्या अंगावर यील."

"फोन न्हाई म्हणतोय. मी बी न्हाई म्हटलं तर ही माणसं वल्ली मिरी घिऊन डोंगर चढायची व्हय?"

"उद्या तिकडं सुरू झालं की तिकडंच जातील ही!"

"जाऊ देत की. म्हणून आज दार लावू?"

त्यांनी सगळी मिरी घेतली. कोठार भरलं, माळा भरला. मी चुलीभोवती सुपं मांडून ती हलवत बसायची, तरी पांढरी बुरशी चढलीच. मामंजी मूठभर उचलून नाकाशी नेत आणि हळूच खाली ठेवत. ऊन पडल्यावर समोरची फळी पुन्हा लिहिली गेली, माणसं तिकडं गेली. आमची मिरी कुणी घेतली नाही. दिवाळीआधी दुकान विकावं लागलं, घर आणि पडवी तेवढी राहिली. त्यानंतर मामंजी पडवीत बसून असत, कुणाला नाव ठेवत नसत. शिमग्याला वारले. कशानं, ते मला अजून सांगता येत नाही.

पुढच्या पावसाळ्यात समोरची खरेदी पुन्हा थांबली. मी घरात एकटीच होते. दिग्गीचा एक म्हातारा भिजत पडवीत आला. "आप्पा हायत काय?"

मी परक्या माणसाशी कधी बोललेली नव्हते. बोलावं लागलं. "न्हाईत. शिमग्याला वारले."

त्यानं गाठोडं उतरवलं आणि जमिनीवरच बसला. मग म्हणाला, "आता पावसात आमी कुणाकडं यायचं, बाई?"

मी चहा दिला. तो पिऊन उठला. ओझं डोक्यावर चढवायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी उंबरा ओलांडून बाहेर गेले आणि गाठोड्याला हात लावला. ते ओलं होतं, फार जड झालं होतं. ते घेऊन तो दिग्गीच्या चढाला लागला.