पाणी कोणी ओतले

गेल्या महिन्यात, मंगळवारी सकाळी, शनिवार पेठेतल्या राहत्या घरी माझी थोरली बहीण वृंदा हृदयविकाराच्या झटक्याने गेली. ती स्वयंपाकघरात कोसळली, तेव्हा तिचा मुलगा अमेय ऑफिसला निघत होता. त्यानेच फोन केला. ‘‘मामा, आई गेली,’’ आणि मग, मी काही बोलायच्या आत, ‘‘गॅस बंद केलाय.’’ आमच्या घरात हे सांगावे लागते.

कारण जुने आहे. याच स्वयंपाकघरात एका दुपारी ताईने कुरडया तळायला तेल ठेवले आणि वाळलेले कपडे काढायला ती गॅलरीत गेली. तेल पेटले. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, बटण बंद करायला ओट्याशी वाकले आणि त्याच वेळी कढईत तांब्याभर पाणी पडले. पेटत्या तेलात पाणी पडले की त्याची क्षणात वाफ होते आणि ती जळते तेल घेऊन उसळते. दाजी त्यानंतर रुग्णालयातून घरी आले नाहीत.

वर्ष सरल्यावर ताई सोसायट्यांमध्ये जाऊ लागली. सुरुवात कर्वेनगरच्या एका सोसायटीतून झाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या बायका एका खोलीत सापडतात, एवढाच तिचा हिशेब होता. तिला कुंकू लावायचे की नाही, यावरून यजमानीणबाईंची चुळबुळ सुरू झाली, तेव्हा ती म्हणाली, ‘‘अहो, कुंकवाचं नंतर बघू. आधी झाकण कोण ठेवतंय ते सांगा.’’ तुळशीबागेतून आणलेली स्टीलची सपाट झाकणे ती वाण म्हणून वाटायची. कढईपेक्षा मोठी, उभ्या मुठीची. प्रात्यक्षिकात गॅस कधीच पेटवत नसे. थंड कढईवर प्रत्येकीकडून करून घ्यायची: गॅस बंद, झाकण बाजूने सरकवत ठेवायचे, कढई हलवायची नाही, गार होईपर्यंत उघडायची नाही आणि पाणी... इथे ती थांबायची. मग म्हणायची, ‘‘पाणी मी ओतलं होतं.’’

ते खरे नव्हते. पाणी अमेयने ओतले होते. पहिल्यांदा ऐकले तेव्हा घरी परतताना रिक्षात मी तिला तसे म्हणालो. ‘‘मग तुझ्या पेपरात दुरुस्ती छाप,’’ ती म्हणाली, ‘‘तळाशी, चार ओळींत. कोणी वाचत नाही.’’ थोड्या वेळाने, बाहेर बघत, ‘‘मला काय म्हणायचं ते म्हणू दे. त्याला अजून सगळं आयुष्य काढायचंय रे.’’

पुढे काही वर्षांनी झाकणांची पिशवी अमेय स्कूटरवरून आणून द्यायचा. दारापर्यंत यायचा, आत नाही; मग खाली स्कूटरवर थांबायचा. एकदा तो दाराशी पिशवी ठेवत असतानाच एका बाईंनी ताईला विचारले, ‘‘अहो, पण तुम्हाला एवढंही कळलं नाही?’’ ताई म्हणाली, ‘‘नाही कळलं. म्हणून तर आलेय, तुमचा चहा प्यायला नव्हे.’’ बायका हसल्या. अमेय खाली गेला. घरी दोघे यावर कधी बोलले नाहीत. निदान माझ्यासमोर नाही.

ताईच्या दहाव्यानंतर कर्वेनगरच्या त्या यजमानीणबाई भेटायला आल्या. म्हणाल्या, ‘‘फार सोसलं हो त्यांनी. आपल्याच हातून नवरा गेला...’’ अमेय पाण्याचा पेला घेऊन उभा होता. तो म्हणाला, ‘‘आईने नाही. मी ओतलं पाणी.’’ बाईंनी त्याला निरखून पाहिले. मग म्हणाल्या, ‘‘खाली स्कूटरवर बसून राहायचास, तो तूच ना? वर यायचं होतंस रे.’’ पेला तसाच हातात धरून तो खाली बसला आणि रडला. दाजी गेले तेव्हा मी त्याला रडताना पाहिले नव्हते.

हा मजकूर छापायला देण्याआधी मी अमेयला वाचायला दिला. त्याने तो दोनदा वाचला. छापायला त्याची हरकत नव्हती, फक्त एक वाक्य काढायला सांगितले. ‘‘हे नको, मामा. सबब सांगितल्यासारखं वाटतं.’’

त्या वाक्यात त्या दुपारचे त्याचे वय होते. ते काढले आहे.