कपाळावरचा हात

रुतलेली गाडी दिसली की आमच्या रेटेदादाला घास गोड लागत नसे. ताटावरून उठायचा, धोतर वर खोचायचा आणि परक्याच्या चाकाला खांदा द्यायचा. "रेटा रं, रेटा!" ही त्याची आरोळी शिवारभर ऐकू यायची, त्यावरूनच गावानं नाव पाडलं. माझा थोरला भाऊ तो. तीर्थपुरीकडच्या काळ्या रानात पाऊस झाला की चिखलातून माणसाची वहाणसुद्धा सुटत नाही. तिथं अशा माणसाला कामाचा काय तोटा!

गाडी निघाली की लोक दादाला दुवा द्यायचे. त्याचं तिकडं लक्षच नसे. तो पुढं जाऊन बैलांच्या कपाळाला हात लावायचा, मग तोच हात आपल्या कपाळाला. पाऊस असो की घाई, हे चुकायचं नाही. "म्या निस्ता आरडलो. वढलं कोन? मंग त्याला पुसायचं न्हाई व्हय?" वहिनी चिडवायच्या, "सैपाक म्या करते, माह्या कपाळाला कधी लावला का हात?" दादा लाजून गोठ्यात जायचा. गोठ्यात पवळ्या आणि सर्ज्या. मूलबाळ नव्हतं; त्याची सगळी माया त्या दोघांवर.

निजामाचं राज्य होतं, मोठ्या लढाईचे दिवस होते. परतीच्या पावसानंतर एक लहानसं विमान आमच्या रानात उतरलं. ज्वारीसाठी मोकळं ठेवलेलं रान ते चालवणाऱ्या गोऱ्या साहेबाला वरून मैदान वाटलं असेल. चाकं आसापर्यंत आत गेली. पोलिसांचा अमीन घोड्यावरून आला आणि त्यानं दादाला जोडी जुंपायला लावली. पण यंत्र धडधडलं तसे बैल बिथरले आणि दोर तोडून घराकडं पळाले. अमीन भडकला. "शाम तलक ये निकलना! नै तो तेरे बैल जप्त!"

पेरणी तोंडावर आलेली. पण दादाच्या डोळ्यांपुढं पेरणी नव्हती हो, पवळ्या होता.

दुपारभर आम्ही मरमर मेलो. चाकांपुढचा चिखल उपसला, तुराट्या आणि कडबा अंथरला. चाकांच्या दांड्यांना दोर बांधून आम्ही दोन्ही अंगांनी धरले. दादा मागं, शेपटाकडून. साहेबानं यंत्राचा जोर वाढवला, दादा ओरडला आणि आमच्या हातातले दोर एकदम सैल पडले. विमान आपल्या जोरावर चिखलातून वर आलं आणि पांधीच्या गाडीवाटेवर, टणक जमिनीवर जाऊन थांबलं.

"सुटले रं माहे बैल!" म्हणत दादा ढसाढसा रडला. मग डोळे पुसून पुढं निघाला. मला वाटलं, अमीनाकडं चाललाय. यंत्र चालूच होतं, साहेब खाली मान घालून काहीतरी बघत होता. दादा विमानाच्या तोंडापाशी गेला आणि त्यानं हात उचलला. थांबलेला असताना विमानाच्या तोंडावरचा तो पंखा आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. पण फिरताना तो दिसत नाही हो! तिथं काहीच नाही असं वाटतं. "दादा!" म्हणून मी बोंबललो. त्या आवाजात माझं मलाही ऐकू आलं नाही.

घरी आणेपर्यंत जीव होता. "बैल न्हाई ना नेले?" एवढंच त्यानं विचारलं.

"गोठ्यात हायेत, दादा."

"मंग बराबर झालं," म्हणाला आणि गेला.

काहीजण अजून ही गोष्ट हसत सांगतात, येडा विमानाला बैल समजला म्हणून. त्यांच्या तोंडात माती पडो! बैल कोणता न् यंत्र कोणतं, हे दादाला चांगलं कळत होतं. ज्यानं ओढलं त्याला पुसल्याशिवाय दादाला जाता यायचं नाही, एवढंच.

त्या साली पेरणीला जोडी मी जुंपली. सांजेला जू उतरवलं. सर्ज्या घराकडं वळला, पवळ्या जागचा हलेना. कपाळ पुढं करून उभा. मी हात लावला. त्यानं तो हुंगला, मान बाजूला घेतली आणि पुन्हा कपाळ पुढं करून तसाच उभा राहिला.